मधला चौकोन रिकामा

१२ जानेवारी, सोमवार

ताई,

अक्षर ओळखलंस ना? पाकीट मुद्दाम तुझ्या औषधांच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकलंय. घरी पाठवलं असतं तर भाऊजींनी आधी फोडलं असतं, आणि भाऊजींच्या तोंडात तीळ भिजत नाही हे आपण दोघी जाणतो. गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाच. वाचून झालं की फाडून टाक.

पाच वर्षांनी लिहितेय, तेव्हा कशी आहेस, मुलं कितवीत गेली, असं काहीतरी विचारायला हवं. नाही विचारत. मला एकच विचारायचंय. तू त्याला पुन्हा सांगितलंस का?

मागच्या वेळी सांगितलं होतंस. 'अगं, दारात उभा राहून रडत होता गं, नवरा-बायकोचं कुठवर ताणायचं,' म्हणालीस. पत्ता दिलास, वर त्याच्याबरोबर माझ्यासाठी स्वेटर पाठवलास. स्वेटर त्याने नीट घडी करून खुर्चीवर ठेवला आणि मग दार लावलं. माझं उजवं मनगट अजून पूर्ण वळत नाही. हे तुला टोचायला लिहीत नाहीये. बरं, टोचायलाच लिहितेय.

मी आता पोट कसं भरते ते तुला ठाऊक नाही. ते सांगितल्याशिवाय माझी घाबरगुंडी तुला कळायची नाही. मी सुडोकू बनवते. एका पेपरच्या पुरवणीत, शेवटच्या पानावर, आठवड्यातून दोनदा. पेपर कोणता ते सांगणार नाही. कोड्याखाली छापतात ते नाव माझं नाही, टोपणनाव आहे. आम्ही चौघं आहोत, सगळे टोपणनावाचे.

हे खूळ त्याचंच. लग्नानंतर तुमच्याकडे जेवायला आलो होतो तेव्हा तो सगळ्यांना नावाचा अर्थ सांगत होता, आठवतं? म्हणे जपानी शब्द, एका लांबलचक वाक्याचा तुकडा. अर्थ असा की अंक सडाच हवा, बिनलग्नाचा. आडव्या ओळीत एकदाच, उभ्या ओळीत एकदाच, चौकोनात एकदाच. भाऊजी म्हणाले, 'म्हणजे आकडे सडेफटिंग!' आणि तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, 'आकड्यांना परवडतं. हिला नाही मी एकटी राहू देणार.' किती कौतुकाने हसलात तुम्ही सगळे! मीही हसले. त्याची बोटं खांद्यात रुतली होती, ते फक्त मला कळत होतं.

तर गुरुवारी पेपरच्या कचेरीत गेले होते. गुरुवारी अकरा ते एक तिथे एक खिडकी उघडी असते. आम्ही आमची कोडी द्यायची, वाचकांची पत्रं न्यायची. खिडकीवाले काका चष्मा कपाळावर ठेवून तोच चष्मा टेबलावर शोधत असतात. त्यांनी मला एक पाकीट दिलं. आत माझं मागच्या आठवड्यातलं कोडं, कात्रीने कापलेलं, सोडवलेलं. पेनाने. एकही खाडाखोड नाही. आणि एका सातच्या भोवती गोल.

शेवटी भरलेल्या आकड्याभोवती तो गोल करायचा. 'शेवटचा खिळा' म्हणायचा त्याला. मी सोडवत असले तर शेजारी घड्याळ घेऊन बसायचा, आणि पेन्सिल वापरली की ती माझ्या हातातून काढून मोडायचा.

पेनाने सोडवणारे पुष्कळ असतील. गोल करणारे वेडेही असतील कोणी. असं मनाला समजावत परत आले, पण दोन थांबे आधीच उतरले आणि भर दुपारी चपलांच्या दुकानात शिरून अर्धा तास नको असलेल्या चपला घालून बघितल्या. दुकानदार वैतागला.

उत्तर दे. हो की नाही, एवढंच. पत्ता पोस्टातल्या पेटीचा आहे, पेटी ४१२. त्यावर नाव घालू नकोस.

तुझी धाकटी


२० जानेवारी, मंगळवार

ताई,

पत्र मिळालं. चार पानं! मी एक शब्द मागितला होता. पण ठीक, विश्वास ठेवते. शपथा कशाला घातल्यास? तुला खोटं बोलता येत नाही हे जगजाहीर आहे. शाळेत असताना बाबांचं घड्याळ मी फोडलं, आणि त्यांनी नुसतं तुझ्याकडे बघितलं तर तू 'हिने फोडलं' म्हणून मोकळी झालीस. मागच्या वेळी तो रडला तेव्हाही तसंच झालं असणार. ते मला कळतं. माफ करता येत नाही, पण कळतं.

आईचे कान पूर्ण गेले हे वाचून वाईट वाटलं. मी असताना डाव्या कानात ओरडलं तर ऐकू यायचं. यंत्र का लावत नाही ती? हट्टी आहे म्हातारी.

तू सांगितलं नाहीस, मग त्याला कळलं कसं, हे आता मला कळलंय.

पंधरा तारखेच्या गुरुवारी दुसरं पाकीट आलं. पुन्हा माझं कोडं, पुन्हा पेन, पुन्हा गोल. खाली त्याच्या त्या छापील अक्षरात एक ओळ. 'मधला चौकोन अजून रिकामाच?'

सांगते काय ते. कोडं बनवताना आधी एक्याऐंशी घरं भरायची आणि मग एकेक आकडा खोडत जायचं. प्रत्येक खोडणीनंतर पुन्हा पहिल्यापासून सोडवून बघायचं, उत्तर एकच राहतंय ना. आकडे कुठून खोडायचे हे ज्याचं त्याचं. आणि मी सुरुवात नेहमी मधल्या चौकोनापासून करते. त्याची नऊच्या नऊ घरं रिकामी. त्याच्या घरी असताना दुधाच्या बिलांच्या मागे चोरून कोडी मांडायचे, तेव्हापासूनची सवय. एकदा त्याला ती बिलं सापडली होती. ओळीने मांडून बघत बसला होता आणि काही बोलला नव्हता. न बोलणं हे त्याचं सगळ्यात वाईट.

मी गाव बदललं, केस कापले, आडनाव बदललं, फोन तर ठेवतच नाही. आणि आठवड्यातून दोनदा माझा हात जसाच्या तसा छापून लाखभर लोकांना वाटत होते! या मूर्खपणाला काय म्हणायचं तूच सांग. चोराने हातमोजे घालून चोरी करावी आणि जाताना भिंतीवर सही करावी.

पोलीस चौकीत जाऊन आले. तिथल्या साहेबाने दोन्ही कात्रणं उलटसुलट बघितली. म्हणाला, 'बाई, कोडं सोडवणं हा गुन्हा नाही.' मग पहिल्या कात्रणावर बोट ठेवून, 'हा पाच इथे कसा आला हो?' मी समजावून सांगितलं. काय करणार.

खोलीचं कुलूप बदललं. जिन्यावर पाऊल वाजलं की पाऊल पुढे जाईपर्यंत श्वास रोखते. समोरच्या खोलीतला टपालखात्यातला माणूस जड पावलांचा आहे बिचारा, रोज सकाळी मला अर्धमेली करून कामावर जातो.

तो अजून आईच्या गल्लीच्या तोंडाशीच शिकवणी घेतो का? कुठे बाहेरगावी जातो का? डोळे उघडे ठेव. विचारू मात्र कोणाला नकोस. तुझा चेहराच सांगतो सगळं.

धाकटी


१३ फेब्रुवारी, शुक्रवार

ताई,

मधे लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही बरं नव्हतं.

पुरवणी बघणाऱ्या बाईंना आणि खिडकीवाल्या काकांना सगळं सांगितलं. पाच वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. बाई म्हणाल्या, सोपं आहे, सवय बदल. सोपं! हाताला सांगून बघितलं. मधे आकडे ठेवून एक कोडं मांडलं, दर दोन मिनिटांनी उठून खिडकीतून खाली बघत. एकोणतीसला छापून आलं आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत फोनवर फोन. कोड्याला दोन उत्तरं निघत होती. चार घरं, त्यात दोनच आकडे, इकडचे तिकडे केले तरी सगळं जुळतं. आमच्या धंद्यात यापरती नाचक्की नाही. नवशिक्यासुद्धा ती चार घरं एकदम मोकळी करत नाही. मी केली, आणि सोडवून बघतानाही मला दिसली नाहीत. भीतीने माझी नजर गेलीय.

मी काकांना म्हटलं, मी काम सोडते. काका म्हणाले, 'थांब, सोडू नकोस. मला जरा चहा पिऊ दे.' चहा पिऊन त्यांनी बाकीच्या तिघांना फोन लावले. त्या तिघांना मी कधी बघितलेलंही नाही. गोगलगाय हे दातांचे डॉक्टर आहेत, एवढंच माहीत आहे. पुढच्या सोमवारपासून बघते तर काय, गोगलगायचा मधला चौकोन रिकामा! बुधवारी कंदिलाचा रिकामा! शुक्रवारी तिसऱ्याचाही. सगळ्यांनी माझी सवय उचलली. वाचकांची पत्रं आली, 'मधले आकडे उंदरांनी खाल्ले काय?' मी खिडकीसमोर उभी राहून हसले, आणि हसता हसता रडायलाच लागले. काकांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि काहीतरी शोधायला आत निघून गेले.

मला वाटायचं, सडं राहिलं की वाचतो माणूस. आकड्यासारखं. कोणाच्या ओळीत यायचं नाही, कोणाला कळवायचं नाही.

पण काल तिसरं पाकीट आलं. 'गर्दीत लपतेस? येत्या गुरुवारी खिडकीशी भेटू.' कोडी आणि पत्रं स्वीकारण्याची वेळ पानाच्या तळाशी छापलेलीच असते. त्याला कोणाला विचारायची गरजच पडली नाही.

बाई म्हणतात, तू येऊ नकोस. आमच्याकडे साठा आहे, तुझी जुनी कोडी वर्षभर पुरतील, मधूनमधून आम्ही दोन वर्षांपूर्वीचीही छापतो. पण तो एका गुरुवारी नाही भेटले म्हणून परत जाणाऱ्यातला आहे का? रोज येऊन उभा राहील. काकांशी गोड बोलेल, रडेल. तुझ्यासारखी शहाणी बाई विरघळली, काकांची काय कथा.

कुठे जाऊ कळत नाही. पिशवी भरून ठेवलीय. दोनदा भरली, दोनदा सोडली. ताई, मला खूप भीती वाटते गं.

धाकटी


२४ फेब्रुवारी, मंगळवार

ताई,

तुझं पत्र शनिवारी हातात पडलं. आज मंगळवार. मधल्या दिवसांचं खरंखुरं सांगते, मग तुला मला काय म्हणायचं ते म्हण.

गुरुवारी मी कचेरीसमोरच्या लाँड्रीत बसून होते. अकरा ते एक. तो आला नाही. शुक्रवारीही नाही. मला वाटलं, खेळवतोय. आणि शनिवारी तुझं पत्र.

तीनदा वाचलं. तो मंगळवारी तुझ्या दुकानात आला, हातात गाडीची दोन तिकिटं, 'चला, गुरुवारी तिला आणायला जाऊ. बहीण बरोबर असली की कचेरीतले लोक आडवे येणार नाहीत.' आणि तू, गोळ्या मोजत, मान वर न करता, म्हणालीस, 'ती गेली. जूनमध्ये. तापाने. आईला अजून सांगितलं नाही.'

तू! बाबांच्या घड्याळाची साक्षीदार!

त्याने कात्रणं पुढे केली तर म्हणालीस, जुनी आहेत, पेपरवाल्यांकडे साठा असतो. आणि आता तर सगळेच मधला चौकोन रिकामा ठेवतात, बघितलं नाहीत का. हे तुला सुचलं कसं गं? माझीच पत्रं माझ्याआधी तिथे पोचून लढली म्हणायची. तो बाकावर बसला, पाणी मागितलं, प्यायला आणि गेला. आणि तू मागच्या खोलीत जाऊन ओकलीस. मी तुझा हात धरायला तिथे हवी होते.

पण तो तिथून सरळ आईकडे गेला.

तुला वेळच मिळाला नाही, हे तू चार वेळा लिहिलंयस. कळलं. तू दुकान बंद करून धावत पोचलीस तेव्हा त्याने तिला पाटीवर लिहून दाखवून झालं होतं. आपली मुलगी गेली, हे आईला त्याच्याकडून कळलं. खडूने. आणि आईचं जे काही झालं ते बघून त्याची खात्री पटली. तुझ्या शब्दावर त्याचा विश्वास बसला नव्हता, आईच्या रडण्यावर बसला.

तू लिहिलंयस, आता वर्षभर असंच राहू दे. आईला खरं सांगितलं तर ती दारात जाऊन शेजारणीला सांगेल, बहिरी माणसं हळू बोलत नाहीत, आणि गल्लीच्या तोंडाशी तो आहे.

ते वाचून मला काय वाटलं, सांगू? सुटले, असं वाटलं. शनिवारी मी खिडकी उघडी टाकून झोपले. रविवारी बाजारात गेले, मागे वळून न बघता. दोन वेळा पोटभर जेवले. टपालखात्यातल्या माणसाला जिन्यात हसून नमस्कार केला तर तोच दचकला. मेल्याचं सुख म्हणजे काय ते तीन दिवस भोगलं मी. आणि आईने मंगळवारपासून पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही, हे तुझ्या पत्राच्या चौथ्या पानावर लिहिलेलं होतं. मला माहीत होतं ते. तरी मी जेवत होते.

नाही चालणार हे, ताई. तिला सांग. पाटीवर लिही, हवं तर माझी पत्रं दाखव. तू ती फाडली नसणारच, मला ठाऊक आहे. ती ओरडली तर ओरडली. त्याच्या कानावर गेलं तर गेलं, मी पुन्हा पिशवी भरीन.

धाकटी


४ मार्च, बुधवार

ताई,

म्हणजे ती मानत नाही.

तू पाटीवर लिहिलंस आणि तिने ओल्या फडक्याने पुसून टाकलं. पत्रं दाखवलीस तर म्हणाली, 'जुनी असतील. कोडीपण जुनीच निघाली ना.' तारखा दाखवल्यास तर म्हणाली, तारीख काय, कोणीही घालतं. 'तू कधी खोटं बोलली नाहीस, आता माझ्यासाठी बोलतेस. नको बोलूस.' असं म्हणून तुझ्याच पाठीवरून हात फिरवत बसली. ताई, हे वाचताना मला रडू फुटलं, आणि हसूही आलं थोडं. जन्मात एकदा खोटं बोललीस आणि ते एवढं पक्कं बसलं की तुझं खरं कोणी घेईना.

फोनवर माझा आवाज ऐकायला तिला कान नाहीत. फोटो पाठवला तर तोही जुनाच ठरेल. डॉक्टर म्हणतात असंच चाललं तर महिना काढणार नाही. तू ते अगदी बारीक अक्षरात, समासात लिहिलंस. बारीक लिहिलं म्हणून बारीक होत नाही गं.

तेव्हा मी येते. माझा चेहरा तिच्या हातात देते, चाचपून बघू दे.

काका 'नको' म्हणाले. बाईही म्हणाल्या. मी स्वतःला शंभरदा म्हणून झालं. आजूबाजूने दुसरी वाट आहे का ते आठवून बघितलं. नाही. आईच्या घराला गल्लीचं एकच तोंड, आणि त्या तोंडावर त्याची शिकवणी. खिडकी रस्त्याकडे, फळा खिडकीसमोर. रविवारी त्याचे वर्ग सकाळी आठ ते बारा असतात, तेवढा वेळ तरी तो पोरांत अडकलेला, एरवी दारातच उभा असतो, असं तूच लिहिलंयस. तो फळ्याकडे तोंड करून असेल किंवा नसेल. तोंडावर ओढणी घेऊन जायचा विचार केला होता. पण माझी चाल तो ओळखतो. आणि आई दारातून बघत असेल तर तिला मी लांबूनच दिसायला हवी.

मनगट दुखतंय, जणू त्यालाही कळलंय. मी धीट झालेय असं समजू नकोस. मी तेवढीच घाबरलेली आहे, कदाचित जास्तच.

रविवारी सकाळच्या गाडीने येते, पावणेदहाला स्टँडवर पोचेन. आईला काही सांगू नकोस, ती ऐकायची नाही. नुसतं दार उघडं टाकून तिला खुर्चीत बसवून ये.

आणि तू दहा वाजता गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहा. त्या खिडकीसमोरून मला एकटीला नाही चालता यायचं. माझा उजवा हात धर. जरा जपून धर.

धाकटी